वकीलबाईंची तिसरी घंटा

पुण्यात एकत्र नाटकाला जाणाऱ्या कुठल्याही कंपूत एक डॉक्टर असतो, एक निवृत्त बँकवाले असतात, 'मूळ संहिता मी वाचलीय' म्हणणारं कुणीतरी असतं आणि एक वकीलबाई असतात. डॉक्टर मध्यंतरात फोन आला म्हणून बाहेर जातो तो परत येत नाही. बँकवाले तिकिटांचा हिशेब ठेवतात. संहितावाले दुसऱ्या अंकात घोरतात. वकीलबाई तिसऱ्या घंटेला धापा टाकत येतात, रांगेतल्या सगळ्या गुडघ्यांना 'सॉरी हं, सॉरी हं' म्हणत आपल्या खुर्चीपर्यंत पोचतात आणि मग, इतका वेळ नाटक आपल्यासाठीच खोळंबलं होतं आणि आता सुरू करायला आपली काही हरकत नाही, अशा चेहऱ्यानं पडद्याकडे बघतात. पडदा वर जातो. आजवर त्यानं कधी पुढची तारीख मागितलेली नाही.

त्यांचं नाव सांगायची गरज नाही. नवरा सोडून सगळे त्यांना 'मॅडम' म्हणतात. नवराही फोन उचलला की 'मॅडम कोर्टात आहेत' असंच सांगतो, म्हणजे तोही म्हणतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे, असं विचारलं तर 'प्रश्न अप्रस्तुत आहे' असं उत्तर मिळतं. ऑफिस नारायण पेठेत. कामं दिवाणी: वाटपाचे दावे, भाडेकरू, मृत्युपत्रं, सोसायटीच्या गच्चीवरून झालेली भांडणं. फौजदारी कामं त्या घेत नाहीत. जामिनाच्या अर्जाला वेळकाळ नसते. साडेनऊच्या प्रयोगाला असते.

पुण्यात नाटकं साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच आणि रात्री साडेनऊ या वेळांना लागतात. नोकरदार माणूस रविवार बघून कुठलीही वेळ गाठतो. वकिलाला रविवार नसतो. सोमवारच्या बोर्डाची तयारी करायच्या दिवसाला कॅलेंडरवाले रविवार म्हणतात, एवढंच. त्यामुळे नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली की वकीलबाई आधी एकादशी, चतुर्थी बघत नाहीत. दुसरा आणि चौथा शनिवार बघतात, कारण त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असते. मे महिन्यात कोर्टं बंद झाली की बाकीचे वकील महाबळेश्वरला जातात. वकीलबाई कोथरूडला जातात, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात.

कोर्ट शिवाजीनगरला आणि बालगंधर्व रंगमंदिर जंगली महाराज रस्त्याला. पूर्वी स्कूटरवरून जाताना जीव मेटाकुटीला यायचा. आता मेट्रो झाली. कोर्टापाशी चढायचं, मधलं महापालिकेचं स्थानक सोडायचं आणि संभाजी उद्यानाला उतरायचं. मेट्रोच्या नकाशात लोकांना वनाज ते रामवाडी असा भला मोठा मार्ग दिसतो. वकीलबाईंना त्यात कामाची फक्त ही दोन स्थानकं दिसतात. बाकीचा मार्ग त्यांना मूळ हुकमाला जोडलेल्या परिशिष्टासारखा वाटतो.

एवढ्याशा प्रवासात त्यांचं वेषांतर होतं. कोर्टात पांढरी साडी, काळा कोट, गळ्याला बँड. बँड आणि गाऊन घालून कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी वावरू नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे, आणि वकीलबाई तो देवाधर्मासारखा पाळतात. बँड पर्समध्ये जातात, त्याच पर्समधून मोत्यांच्या कुड्या बाहेर येतात. कोट ज्युनियरच्या हातावर पडतो. पांढऱ्या साडीवर एक जरीकाठी शाल आली की ती एकदम समारंभाची दिसायला लागते. 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर पाच रूपं घ्यायचे. पण त्यांच्या दिमतीला फिरता रंगमंच होता, कपडेपट सांभाळणारी माणसं होती. वकीलबाईंच्या दिमतीला सरकता जिना आहे. जिन्याच्या पायथ्याशी वकील पाय ठेवतात आणि माथ्यावर रसिक उतरतात. एकदा मात्र ही पर्स उलटी चालली. कोर्टात वकीलपत्र म्हणून त्यांनी मोठ्या ऐटीत जे पुढे केलं, ती पाचच्या प्रयोगाची दोन तिकिटं निघाली. न्यायाधीशांनी ती निरखून पाहिली आणि विचारलं, 'मॅडम, यांना निशाणी द्यायचीय का?'

नाटकाच्या दिवशी कोर्टातल्या वकीलबाई वेगळ्याच असतात. एरवी त्यांचा उलटतपास संथ वाहतो. साक्षीदाराचं गाव, त्याचं शिक्षण, थोरल्या भावाचं शिक्षण, विहिरीला पाणी किती, मोटार कुणाच्या नावावर, अशा वळणांनी त्या सातबाऱ्यापर्यंत पोचतात, तोवर साक्षीदाराबरोबर टंकलेखकही पेंगलेला असतो. नाटकाच्या दिवशी पहिलाच प्रश्न येतो: 'ही सही तुमची का?' साक्षीदार गडबडतो. त्याच्याकडून विहिरीची तयारी करून घेतलेली असते. चार प्रश्नांत तपास आटोपतो. न्यायाधीश वर बघून 'एवढंच?' असं विचारतात, आणि त्या विचारण्यात किंचित कृतज्ञता असते. त्यांच्या ज्युनियरचं असं गुप्त मत आहे की मॅडमनी जिंकलेले बहुतेक दावे पाचच्या प्रयोगाच्या दिवशी जिंकलेले आहेत. म्हणून अवघड साक्षीदार असला की ती पोरगी पुढची तारीख मागताना एका डोळ्यानं मोबाईलवर नाटकांचं वेळापत्रक बघते. समोरचे वकीलही आता सावध झालेत. सकाळी बोर्ड बघायच्या आधी ते पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडतात, आणि नाटक चांगलं असलं की तडजोडीची भाषा सुरू करतात.

एक नेम मात्र कडक आहे. नाटकासाठी तारीख मागायची नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असं लिहिलंय. हा आकडा प्रत्येक वकिलाला पाठ आहे आणि आडवा कुणालाच येत नाही. तरीही 'वैयक्तिक अडचण' असा अर्ज वकीलबाई प्रयोगाच्या दिवशी देत नाहीत. यात तत्त्व आहे, आणि तत्त्वाला आधार म्हणून एक जुनी घटनाही आहे. त्यांच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांनी घसा बसल्याचं सांगून युक्तिवाद पुढे ढकलून घेतला. त्याच संध्याकाळी मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेतून त्यांनी 'दोन प्लेट, चटणी वेगळी!' अशी जी हाक दिली, ती पार रंगपटापर्यंत गेली. रांगेत त्यांच्या पुढे न्यायाधीश उभे होते. मागे वळून ते एवढंच म्हणाले, 'वकीलसाहेब, गुण आलेला दिसतोय.' पुढच्या तारखेला वकीलसाहेब दोन तास बोलले. न्यायाधीशांनी एकदाही मधे टोकलं नाही; फक्त दर दहा मिनिटांनी पट्टेवाल्याला त्यांच्यापुढे कोमट पाणी ठेवायला सांगितलं.

नाटक आणि कोर्ट यांच्या मधल्या फटीत वकीलबाईंना गणगोतही सांभाळायचं असतं. दाट मुहूर्ताच्या दिवशी दोन लग्नं, एक डोहाळजेवण आणि कुणाची तरी साठीशांत अशी पत्रिकांची चळत फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेली असते. त्या कुणालाच नाही म्हणत नाहीत. सगळीकडे हजेरी लावतात. कार्यालयात शिरायचं, पुकारा झाल्यासारखं थेट स्टेजवर जायचं, आहेराचं पाकीट दाखल करायचं, फोटोत नोंद झाली की पुढच्या कार्यालयाकडे निघायचं. जेवण एकाच ठिकाणी होतं. कुठल्या ठिकाणी, याचा निर्णय त्या केटररचं नाव कळेपर्यंत राखून ठेवतात.

अडचण अशी की त्यांना बघितलं की माणसांना आपापली भांडणं आठवतात. 'मॅडम, एकच मिनिट' म्हणत एखादा गृहस्थ मठ्ठ्याचा पेला सांभाळत तीन गुंठे, दोन काकू आणि एक बक्षीसपत्र उलगडायला लागतो. वकीलबाई शांतपणे ऐकतात आणि 'कागद घेऊन ऑफिसला या' असं इतक्या मायेनं म्हणतात की सल्ला मिळाल्याचं समाधान घेऊन तो जिलबीकडे वळतो. हळदीकुंकवाला मात्र त्या हात आखडता घेत नाहीत. तिळगुळाबरोबर कायदाही फुकट वाटतात. 'वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे हं. लग्न न झालेल्या मुलींना आपल्या महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, केंद्रानं २००५ मध्ये सगळ्याच मुलींना दिला. भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला तर चहा द्या, सही देऊ नका.' त्यांच्या हळदीकुंकवाला बायकांची झुंबड उडते. त्या परिसरातले भाऊ आता संक्रांतीच्या आधीच सह्या उरकून घेतात.

आमच्या कंपूचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'तिसरी घंटा' या नावाचा. हिशेब बँकवाल्यांकडे असला तरी वसुलीचा मजकूर वकीलबाई लिहून देतात. तो असा असतो: 'आमच्या अशिलांतर्फे आपणांस कळविण्यात येते की, मागील प्रयोगाच्या तिकिटापोटी आपणाकडून येणे असलेली रक्कम रुपये ४०० वारंवार तोंडी मागणी करूनही आपण अदा केलेली नाही. सबब ही नोटीस पोचल्यापासून सात दिवसांचे आत सदरहू रक्कम जमा करावी. कसूर केल्यास पुढील प्रयोगास आपणांस बाल्कनीतील शेवटची रांग देण्यात येईल व तद्नंतर होणाऱ्या मानदुखीच्या खर्चास व परिणामास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.' खाली दोन हसऱ्या बाहुल्या आणि एक गुलाब.

संहितावाल्यांनी एकदा ही नोटीस फारशी मनावर घेतली नाही. पैसे जुने होते; पैशाच्या येण्याला मुदत तीन वर्षांची, आणि ती संपायला महिनाभर उरला होता. हे गणित त्यांनी कुणा पुतण्याकडून समजून घेतलं होतं म्हणे. तेवढा महिना ते गप्प बसते तर सुटले असते. पण ग्रुपवर कुणीतरी चिडवलं आणि त्यांनी तावातावानं लिहिलं, 'देतो हो, पळून नाही जात!' दोन मिनिटांत वकीलबाईंचा संदेश आला: 'मुदतीचा कायदा, १९६३, कलम १८. मुदतीच्या आत लेखी कबुली. आजपासून पुन्हा तीन वर्षं. धन्यवाद.' संहितावाल्यांनी त्याच रात्री पैसे पाठवले आणि त्यानंतर ग्रुपवर ते फक्त अंगठा दाखवतात.

चांगलं नाटक येणार असं कानावर आलं की त्या बँकवाल्यांकडे तोंडी कॅव्हिएट ठेवतात: 'माझं म्हणणं ऐकल्याशिवाय चौथ्या रांगेतल्या मधल्या खुर्च्यांबाबत कुठलाही आदेश होऊ नये.' कोर्टातलं कॅव्हिएट नव्वद दिवसांनी संपतं. यांचं नाटक उतरेपर्यंत चालू राहतं. त्या गैरहजर असताना आम्ही नाटकानंतरचं हॉटेल ठरवलं, तर सकाळी 'एकतर्फी हुकूम रद्दबातल ठरवावा' असा अर्ज ग्रुपवर पडलेला असतो. सोबत थालीपीठ चांगलं मिळणाऱ्या दुसऱ्या हॉटेलाचा पत्ता.

मध्यंतरात त्यांचं व्याख्यान ठरलेलं. हातात वडा, समोर डॉक्टर, तो अजून पळालेला नसला तर. 'तुम्ही डॉक्टर लोकांनी रंगभूमी बळकावलीत. लागू कान-नाक-घशाचे, घाणेकर दातांचे, आगाशे मनाचे, जब्बार पटेल लहान मुलांचे. नाटकं सोडून एकत्र बसले असते तर एक झकास हॉस्पिटल झालं असतं. आमची माणसं कुठायत? एके काळी होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करता करता नाटकं लिहायचे. तात्यासाहेब केळकर वकील, त्यांनी 'तोतयाचे बंड' लिहिलं.' डॉक्टर विचारतो, 'आणि बायका?' हा प्रश्न विचारायचा नसतो हे त्याला अजून कळलेलं नाही. 'बायकांचं काय विचारता? कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकची, इथल्या डेक्कन कॉलेजात शिकली, ऑक्सफर्डला जाऊन कायद्याची परीक्षा देऊन आली १८९२ मध्ये. पण इथे बाईनं वकिली करायला हरकत नाही असा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. तुमच्या रंगभूमीवर तेव्हाही बालगंधर्व शालू नेसत होते. 'आंधळ्यांची शाळा' आलं १९३३ मध्ये, तेव्हा कुठे ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. म्हणजे आमचं कोर्ट तुमच्या स्टेजपेक्षा दहा वर्षं पुढे होतं!' हिराबाई बडोदेकर त्याच्याही आधी रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या, हे संहितावाल्यांना ठाऊक असतं. पण चारशे रुपयांच्या प्रकरणापासून ते बोलत नाहीत. घंटा होते. वकीलबाईंचा युक्तिवाद अर्धवट राहतो आणि वडा पूर्ण झालेला असतो.

खुद्द त्या एकदाच रंगमंचावर गेल्या होत्या. लॉ कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत त्यांना एक वाक्य होतं. भरत नाट्य मंदिरातल्या पोरांनी अशी आरोळी ठोकली की त्या ते वाक्य विसरल्या. त्यानंतर जिथे हातात कागद धरून बोलायची मुभा असते, अशाच ठिकाणी उभं राहायचं त्यांनी ठरवलं.

त्यांच्या शेजारी बसून नाटक बघणं हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. कोर्टाचा प्रसंग असला तर विचारूच नका. रंगमंचावरच्या न्यायाधीशानं 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणत हातोडा आपटला की त्या कुजबुजतात, 'आमच्याकडे हातोडा नसतो. असता तर चोरीला गेला असता.' साक्षीदारानं गीतेवर हात ठेवला की १९६९ चा शपथांचा कायदा निघतो. ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक, एवढंच म्हणायचं. ग्रंथ लागत नाही. 'तो मी नव्हेच'मधल्या लखोबा लोखंडेला आम्ही सवयीनं चारशेवीस म्हणतो, तर त्या म्हणतात, '१ जुलै २०२४ पासून तीनशेअठरा.' मागच्या रांगेतून 'श्शू' ऐकू येतं. त्या मागे न बघता म्हणतात, 'हरकत मान्य.'

'एकच प्याला' आम्ही त्यांच्याबरोबर बघू नये असं ठरवलं होतं, पण तिकिटं काढली गेली. मराठी रंगभूमीवरचा सगळ्यांत प्रसिद्ध वकील कोण, तर सुधाकर. आणि तो वकिलीसाठी प्रसिद्ध नाही. कोर्टात तोंड सुटतं, सनद काही काळासाठी जाते, तळीराम पेला पुढे करतो. १९१९ पासून मराठी माणूस या जागी हळहळत आलाय. सिंधूच्या हालांनी आजूबाजूला पदर डोळ्यांना लागले होते. वकीलबाईंचेही डोळे भरले होते, पण कारण निराळं होतं. 'अपील का नाही केलं?' त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. 'सनद कायमची गेली नव्हती. नुसतं थांबायचं होतं. वकील माणूस, आणि थांबता येऊ नये?'

'शारदा'चा शेवट त्यांना पेशाला शोभणारा वाटतो. म्हाताऱ्याचं लग्न मोडतं ते त्याच्या वयामुळे नव्हे. वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. 'बघा, गुणदोषावर नाही, तांत्रिक मुद्द्यावर केस जिंकली. देवलांना कोर्ट कळलं होतं.' शेजारच्या आजी म्हणतात, 'म्हणूनच पुढे शारदा कायदा आला ना.' यावर वकीलबाई प्रयोग संपल्यावर त्यांना रिक्षापर्यंत सोडायला जातात आणि जाता जाता समजावून सांगतात की नाटक १८९९ चं, कायदा १९२९ चा, आणि तो अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावावरून ओळखला जातो. आजी रिक्षात बसताना म्हणतात, 'असेल. पण सुचलं त्यांना नाटकावरूनच असणार.' या साक्षीदारापुढे त्या आजवर दोनदा हरल्या आहेत.

'शांतता! कोर्ट चालू आहे' बघताना मात्र त्या फारशा बोलत नाहीत. तिथे अभिरूप न्यायालय खेळ म्हणून सुरू होतं आणि बघता बघता बेणारेबाईंची शिकार होते. शेवटी आरोपीला आपलं म्हणणं मांडायला दहा सेकंद मिळतात. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये किल्ली शोधता शोधता त्या एवढंच म्हणाल्या, 'दहा सेकंद! त्यापेक्षा आमची पुढची तारीख बरी.'

घरी त्यांच्यावर एकच अपिलीय प्राधिकरण आहे, सासूबाई. त्यांनी 'तो मी नव्हेच' पणशीकरांचं पाहिलंय, 'नटसम्राट' लागूंचं पाहिलंय, आणि त्यानंतर जे काही झालं त्याला त्या 'हौशी' म्हणतात. वकीलबाई रात्री साडेबाराला घरी येऊन एखाद्या नटाचं कौतुक करायला लागल्या की सासूबाई अंथरुणातूनच 'लागूंना बघितलं असतंस तर' एवढं म्हणतात आणि कूस बदलतात. त्यापुढे पुनर्विचार अर्ज चालत नाही.

इतकी यातायात कशासाठी, हा प्रश्न आम्हाला पडायचा. त्याचं उत्तर त्यांच्या ऑफिसातल्या एका कपाटात आहे. त्यात एका वाटपाच्या दाव्याची फाईल आहे. तिला दोन दोऱ्या लागतात. हा दावा त्यांना त्यांच्या सीनियरांकडून वारशानं मिळाला. पेठेतल्या एका वाड्यासाठी दोन भाऊ भांडायला लागले. वादी वारले, त्यांचे वारस रेकॉर्डवर आले. प्रतिवादी वारले, त्यांचे वारस आले. त्या वारसांतलेही काही गेले. भूमिका त्याच, नट बदलत गेले. मधल्या काळात वाडा पडला. दावा उभा आहे. असली संहिता दिवसभर वाचणाऱ्या बाईला, साडेनऊला सुरू झालेल्या भांडणाचा निकाल बाराच्या आत लावून देणारी जागा सापडल्यावर ती तिथे वारंवार जाणार नाही तर काय करणार? नाटकात वाटणी होते, रडणं होतं, थोरला भाऊ घर सोडून जातो आणि शेवटची मेट्रो चुकली तरी रिक्षा मिळते. 'आज लागणार निकाल' या खात्रीनं त्या खुर्चीत बसतात. निकाल वाईट लागला तरी त्यांची तक्रार नसते.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात त्यांनी जे केलं, ते आम्हाला वेडेपणाचं वाटलं तरी विसंगत वाटलं नाही. एका प्रयोगाच्या दिवशी कंपूतल्या सहाजणांना ऐनवेळी एकाच डोहाळजेवणाला जाणं भाग पडलं. सहा तिकिटं उरली, सगळी एका रांगेतली. वकीलबाईंनी तीन आपल्या पक्षकारांना, म्हणजे वाड्याच्या वादींना दिली. उरलेली तीन त्यांनी समोरच्या वकिलांकडे पाठवली. समोरच्या पक्षकाराशी वादाबद्दल परस्पर बोलायचं नाही, बोलायचं तर त्याच्या वकिलामार्फत, असा नियम. तिकिटं देणं हे बोलण्यात येतं का, याबद्दल शंका नको म्हणून तीही त्यांनी वकिलामार्फत रीतसर बजावली. 'दिवाणी संहितेच्या कलम ८९ मध्ये लवाद आहे, लोकअदालत आहे, मध्यस्थी आहे,' त्या म्हणाल्या. 'नाटक घालायचं राहून गेलंय.'

नाटकाचं नाव सांगत नाही. निर्माते भले गृहस्थ आहेत. पहिला अंक दीड तासाचा होता आणि प्रत्येक पात्र दुसऱ्याला त्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत होतं. सहा माणसं एका रांगेत, मधे एक खुर्चीही रिकामी नसताना, एकमेकांकडे न बघता बसली होती. मध्यंतर झालं. वड्याच्या खिडकीपाशी थोरल्या पातीचे काका आणि धाकट्या पातीचे काका समोरासमोर आले. बराच वेळ दोघांनी चटणीकडे लक्ष दिलं. मग थोरले म्हणाले, 'भिकार आहे.' धाकटे म्हणाले, 'अगदीच भिकार.' तीन पिढ्यांत दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एकमत झालं होतं. ते इतकं अनपेक्षित होतं की दोघांनाही ते आवरेना. नटीला चालता येत नाही, यावर एकमत झालं. संगीत फार मोठ्यानं आहे, यावर झालं. आपल्या दोघांच्या वडिलांना हे नाटक मुळीच आवडलं नसतं, यावर तर फारच झालं. घंटा झाली तेव्हा सहाही जण बाहेर पायऱ्यांवर बसले होते आणि पडलेल्या वाड्याच्या जागेवर बिल्डर किती मजले देईल याची बोटांवर मोजणी चालली होती.

दोन आठवड्यांत दोन्ही बाजूंच्या सह्यांची तडजोड पुरसिस कोर्टात दाखल झाली. समोरच्या वकिलांनी हात मिळवले, ज्युनियरनं पेढे आणले, आणि ज्या कपाटात ती फाईल होती तिथे आता वकीलबाई नाटकांची पुस्तकं ठेवतात. त्या खूश असतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या घुश्शात होत्या. 'दुसरा अंक कुणी बघितलाच नाही! सहा खुर्च्या रिकाम्या. नटांना काय वाटलं असेल?' पुरसिशीच्या मसुद्यात शेवटचं कलम त्यांनी स्वतः घातलं होतं, दुसऱ्या अंकाचा वाया गेलेला खर्च उभय पक्षांनी निम्मा-निम्मा सोसावा म्हणून. न्यायाधीशांनी ते वाचून खोडलं. संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, हे वकीलबाईंना चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे त्यांनी पुढे वाद वाढवला नाही. दोन्ही बाजूंना गेलेल्या अंतिम बिलांत फक्त 'टायपिंग व झेरॉक्स' या सदराखाली तीन-तीन तिकिटांची अर्धी किंमत आहे, आणि ती दोन्ही काकांनी खळखळ न करता भरली. त्यावरही त्यांचं एकमत होतं.